थीम पार्कच्या हॉटेलात पहिल्यांदाच राहायला जाताय? बेळगाव भागातून निघणाऱ्यांसाठी बुकिंगची सगळी गणितं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यातनं थीम पार्कला जायचं म्हटलं की बहुतेकांचा प्लॅन ठरलेला असतो, रात्रीची स्लीपर, सकाळी पार्कच्या गेटवर, दिवसभर उन्हात पळापळ आणि रात्री परत गाडीत. चार मित्र असतील तर चालून जातं, पण घरात सहा वर्षांची पोरगी आणि पासष्टीची आई असेल तर दुपारी तीनलाच सगळ्यांचे चेहरे उतरतात आणि तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात लोक पोरांनाच ओरडायला लागतात. पार्कच्या आवारातच किंवा गेटला लागून असलेल्या हॉटेलात राहायचा फायदा तिथं कळतो. दुपारी चालत खोलीवर यायचं, गरम पाण्यानं आंघोळ, तासभर झोप, आणि ऊन उतरलं की परत आत. हे करायचं नसेल, म्हणजे सकाळी जाऊन बंद होईपर्यंत आतच बसायचं असेल, तर आवारातलं हॉटेल घेऊच नका, दहा किलोमीटरवरचं साधं हॉटेल निम्म्यात मिळून जाईल. पहिला प्रश्न हाच, दुपारी परत यायचंय का? हो असेल तर पुढचं वाचा की.

कुठलं पार्क

आपल्याकडनं तीन ठिकाणं सरळ पडतात. खोपोलीचं इमॅजिका, रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर, २०१३ ला सुरू झालं. तिथं आवारातच नोव्होटेल आहे, मोठं आहे, जवळजवळ पावणेतीनशे-तीनशे खोल्यांचं. दुसरं बेंगळुरूजवळ बिडदीचं वंडरला, मैसूर रस्त्यावर, २००५ चं, त्याचं स्वतःचं रिसॉर्ट २०१२ पासून आहे पण ते छोटं, ८४ खोल्या. तिसरं हैदराबादची रामोजी फिल्म सिटी, तिथं आतमध्येच सितारा, तारा अशी हॉटेलं आहेत, सितारा महागडं आणि तारा त्यामानानं खिशाला परवडणारं. पण रामोजी हे झोके-पाळण्यांपेक्षा सेट, शो आणि बसमधनं फिरणं असं जास्त आहे, मोठ्यांना आवडतं, दहा-बारा वर्षांची पोरं मात्र "रोलर कोस्टर कुठाय" म्हणून डोकं खातात.

खोल्यांचे आकडे उगाच नाही सांगितले. ८४ खोल्यांचं रिसॉर्ट म्हणजे एखादं लग्न किंवा कंपनीची पार्टी आली की संपलं, शनिवारची रूम मिळत नाही. म्हणून वंडरलाला राहायचं तर आधी रूम बघा आणि मग रजा टाका. इमॅजिकाला थोडी ढील असते.

आणखी एक फरक असा की वंडरलाला कोरड्या आणि पाण्याच्या राइड्स एकाच पार्कात एकाच तिकिटावर आहेत, एक दिवस नीट काढला तर बहुतेक होऊन जातं. इमॅजिकाचं थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, स्नो पार्क वेगळं, तिकिटंही वेगळी. दोन्ही करायचं म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री, आणि एका दिवसात दोन्ही उरकतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं जावं.

तारीख: आपल्याला दोन राज्यांची कॅलेंडरं मिळालीत, वापरा

ही गोष्ट पुण्या-मुंबईचा माणूस तुम्हाला सांगणार नाही कारण त्याला तिचा उपयोग नाही. आपल्या पोरांच्या शाळा, मराठी माध्यमाच्या असल्या तरी, कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतात. म्हणजे दसऱ्याला आपल्याकडं लांबलचक सुट्टी, दोन-अडीच आठवडे. महाराष्ट्रात दसऱ्याला एखादा दिवस आणि मोठी सुट्टी दिवाळीत. तसंच एप्रिलच्या साधारण दहा तारखेनंतर आपल्याकडं शाळा बंद होतात तेव्हा तिकडं अजून परीक्षा चालू असतात, त्यांची सुट्टी मे उजाडताना लागते.

म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत मंगळवार-बुधवार धरून इमॅजिकाला गेलात तर पुण्या-मुंबईची पोरं वर्गात आणि तुमची पोरं राइडवर. एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही तसंच, फक्त घाटाखाली त्या दिवसात उकाडा जबर असतो, त्यामुळं दुपारची एसी खोली तेव्हा खरंच वसूल होते. दिवाळीच्या आठवड्यात मात्र तिकडं फिरकू नका, अख्खी मुंबई तिथं असते आणि रूमचे रेटही तसेच चढलेले. सीबीएसईवाल्यांनी आपल्या शाळेचं वेगळं वेळापत्रक बघून घ्यावं.

वंडरलाला हे गणित उलटं लागतं. दसऱ्यात अख्ख्या कर्नाटकाला सुट्टी, शिवाय मैसूरचा दसरा बघायला निघालेली सगळी गर्दी त्याच मैसूर रस्त्यावर. तेव्हा बिडदीला राहून मैसूरही करू असा विचार मनात येतो, ऐकायला बरा वाटतो, पण रेट, ट्रॅफिक आणि रांगा तिन्ही एकदम अंगावर येतात. वंडरला करायचं तर जून-जुलैत शाळा सुरू झाल्यावर शुक्रवारची एखादी रजा टाकून जावं.

वार बघताना रविवारची रात्र घ्या. रविवारी दुपारी पोचायचं, रात्र हॉटेलात, सोमवारी पार्क. वीकेंडचा लोंढा रविवारी संध्याकाळी परत जातो, रेट बहुतेक वेळा उतरतो, सोमवारी रांगा छोट्या. फक्त त्या सोमवारी कुठल्याच राज्यात सरकारी सुट्टी नाही ना हे बघा, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर असले लाँग वीकेंड तर दोन्हीकडचे असतात.

पावसाळ्यात खोपोलीचे रेट बरेच खाली येतात. पण तो घाटाखालचा पाऊस आहे, आपल्या खानापूर-कणकुंबीचा पाऊस बघितलेल्याला वेगळं सांगायला नको, जोर आला की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरसाठीच जायचं असेल तर जुलै टाळा. नुसतं हॉटेल, स्विमिंग पूल, भजी आणि हिरवा डोंगर असं हवं असेल तर जुलैसारखा महिना नाही.

कुठली रात्र घ्यायची

पार्कच्या आदल्या रात्री राहायचं का पार्कच्या दिवशी रात्री, यावर घरात वाद होतात. तुम्ही येताय कसे त्यावर ते ठरतं.

बेळगावहून कारनं खोपोली म्हणजे चारशे किलोमीटरच्या थोडं वर. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे टोल, मग पुण्याचा बायपास, मग एक्सप्रेसवे. पहाटे पाचला निघालात, नाश्त्याला कोल्हापूर-कराडकडं थांबलात तर दुपारी एक-दोनपर्यंत पोचता, आणि हॉटेलचा चेक-इन साधारण दोन-तीनलाच असतो. म्हणजे आदली रात्र बरोबर बसते. संध्याकाळी पूल, लवकर जेवण, झोप, सकाळी नाश्ता करून गेट उघडायच्या आधी पंधरा मिनिटं तिथं हजर. पण पार्क संपल्यावर रात्री त्याच दमलेल्या अंगानं चारशे किलोमीटर गाडी मारत यायचं नाही, हे मी हट्टानं सांगतो. एक तर दुसरी रात्र घ्या किंवा साताऱ्या-कराडला एखादी साधी रूम बघा.

बेंगळुरूला जाताना रेल्वे बरी. रात्रीची बेळगाव-बेंगळुरू एक्सप्रेस किंवा राणी चन्नम्मा धरली तर सकाळी उतरता, तिथनं बिडदी तासाभराचं, मैसूर लाइनवर बिडदीचं स्टेशनपण आहे, नाहीतर मेट्रोनं चल्लघट्टापर्यंत जाऊन पुढं कॅब. वाटेत बिडदीची तट्टे इडली खा, ती चुकवू नका. आता अडचण अशी की तुम्ही नऊला दारात आणि रूम दोनला. अशावेळी सामान रिसॉर्टच्या डेस्कवर ठेवायचं, एका छोट्या बॅगेत पाण्याचे कपडे घेऊन सरळ पार्कात, आणि दुपारी दमल्यावर चेक-इन. पार्कच्या दिवसाचीच रात्र घ्यायची, दुसऱ्या दिवशी निवांत उठून रात्रीच्या गाडीनं परत. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून बेंगळुरूला वंदे भारतही आहे, पहाटे निघते आणि दुपारी दोनच्या आत सोडते, तिनं गेलात तर आदल्या रात्रीचा हिशेब जमतो, कारण तुम्ही पोचेपर्यंत रूम तयार. ती आठवड्यातनं एक दिवस नसते, वार बघून घ्या.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले. म्हणून क्रम असा ठेवा, आधी फ्री कॅन्सलेशनवाली रूम धरून ठेवायची, मग साठाव्या दिवशी तिकीट काढायचं, तिकीट कन्फर्म झालं की रूम पक्की. उलटं केलं तर एक तर गाडी असते नि रूम नसते, नाहीतर रूम असते आणि वेटिंग चौऱ्याऐंशी.

वय हॉटेलला, उंची पार्कला

पहिल्यांदा जाणारे सगळ्यात जास्त इथं गोंधळतात. हॉटेल पोराला वयानं मोजतं आणि पार्क उंचीनं. हॉटेलवाला म्हणेल बारा वर्षांपर्यंत मूल, एक्स्ट्रा बेड नको तर राहणं फुकट, नाश्ता अमुक वयापर्यंत फुकट, आणि ही वयाची रेघ प्रत्येक हॉटेलात वेगळी, कुठं पाच, कुठं सहा, कुठं बारा. पार्कच्या तिकीट खिडकीवर मात्र एक उंचीची पट्टी असते. वंडरलाला ८५ सेंटीमीटरच्या आत फुकट, ८५ ते १४० मुलाचं तिकीट, १४० च्या वर मोठ्याचं. इमॅजिकालाही उंचीचाच हिशेब आहे. म्हणजे तुमचा अकरा वर्षांचा पोरगा उंच निघाला तर हॉटेलात तो मूल आणि पार्कात तो बाप्या.

घरी भिंतीला टेकवून, चपला काढून, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलची खूण करा आणि टेपनं मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. याचा दुसरा फायदा असा की मोठ्या राइड्सना किमान उंची लागते, ती पार्कच्या वेबसाइटवर राइडगणिक दिलेली असते, ती यादी पोराला आधीच दाखवा. एकशे छत्तीस सेंटीमीटरच्या पोराला अर्धा तास रांगेत उभं करून वर गेल्यावर परत पाठवलं की तो जो भोकाड पसरतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

फोन करा, वेबसाइटवर सगळं नसतं

ऑनलाइन रेट बघून झाला तरी बुक करायच्या आधी हॉटेलच्या रिझर्वेशनला एक फोन करा. इमॅजिकाच्या बाजूला मराठी चालतं, बिडदीला कन्नड, म्हणजे आपल्याला दोन्हीकडं मोकळं मैदान. फोन साधारण असा व्हावा:

"मॅडम, आम्ही मोठे तिघं, मी, मिसेस आणि आई, आणि मुलं दोन, अकरा आणि सहा वर्षांची. एका रूममध्ये होईल का?"

"सर, एका रूममध्ये दोन मोठे आणि दोन मुलं. तिसऱ्या मोठ्या व्यक्तीला एक्स्ट्रा बेड, पण मग पाच जण होतात, ते अलाउड नाही."

"मग दोन रूम शेजारी-शेजारी, मधनं दार असलेल्या मिळतील का? आईंना एकटं ठेवायचं नाही."

"रिक्वेस्ट टाकते सर, गॅरंटी नाही."

"रिक्वेस्ट टाका आणि मेलवर तसं लिहून पाठवा की मॅडम."

शेवटचं वाक्य विसरायचं नाही. फोनवर कबूल केलेलं फ्रंट डेस्कवरच्या माणसाला माहीत नसतं, मेल दाखवला की तो निदान प्रयत्न करतो. याच फोनमध्ये बाकीचं विचारून घ्या, रेटमध्ये पार्कचं तिकीट आहे का नाही, असेल तर किती जणांचं आणि किती दिवसांचं. पार्कातनं दुपारी बाहेर येऊन परत आत जाता येतं का, त्यासाठी हातावर शिक्का का बँड. त्या तारखेला पार्क पूर्ण चालू आहे ना, का एखादी मोठी राइड मेंटेनन्सला बंद आहे. पूल किती वाजेपर्यंत, आणि पूलला कसले कपडे लागतात. लवकर चेक-इन मिळेल का आणि त्याचे वेगळे पैसे किती. हॉटेलच्या गेस्टला पार्कात वेगळी सोय आहे का हेपण विचारा, पण धरून चालू नका. अमेरिकेत डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात राहणाऱ्याला रोज अर्धा तास आधी आत सोडतात, ते व्हिडिओ बघून इथंही तसंच असेल असं लोकांना वाटतं. आपल्याकडं रांग टाळायची तर बहुतेक वेळा वेगळे पैसे भरून फास्ट ट्रॅकसारखं तिकीट घ्यावं लागतं, आणि आडवारी गेलात तर त्याची गरजही नसते.

पैशाचा हिशेब

स्क्रीनवर पहिल्यांदा दिसणारा रेट हा निम्मीच गोष्ट असते. सप्टेंबर २०२५ पासून रूमवरचा जीएसटी असा आहे, एका रात्रीचा रेट ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८ टक्के. आणि हे १८ टक्के वरच्या रकमेवर नाही, सगळ्या रकमेवर. म्हणजे रूम ७,४०० ला मिळाली तर टॅक्स ३७०, एकूण ७,७७०. तीच रूम ८,००० ला घेतली तर टॅक्स १,४४०, एकूण ९,४४०. रेटमध्ये फरक सहाशेचा आणि खिशातनं जातात १,६७० जास्त. म्हणून रेट साडेसात हजाराच्या आसपास घोटाळत असेल तर एक दिवस मागंपुढं करा, मेंबरशिपचं डिस्काउंट बघा, नाश्ता काढून रेट विचारा, काहीही करून त्या रेघेच्या खाली या. मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमधल्या जेवणावरही ५ ऐवजी १८ टक्के लागू शकतात, ते बिल बघताना दचकू नका.

जेवणाचे प्लॅन हॉटेलवाले अक्षरांत सांगतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. माझं मत विचाराल तर सीपी घ्या. दुपारचं जेवण पार्कातच उरकून मग तुम्ही खोलीवर झोपायला येणार, जेवायलाही हॉटेलच्या बुफेच्या रांगेत बसलात तर दीड तास गेला, म्हणून एपी वाया जातो. ईपी घेऊन सकाळी बाहेर नाश्ता शोधू म्हणाल तर आवाराबाहेर चालत जाण्यासारखं फार काही नसतं. एमएपी तेव्हाच घ्या जेव्हा रात्रीच्या जेवणाचा सुटा बुफे दर आणि प्लॅनमधला फरक काढून बघितलाय. आणि मुलांच्या जेवणाचं वेगळं विचारा, रूममध्ये फुकट राहणारं मूल बुफेत फुकट जेवतंच असं नाही.

पार्कचं तिकीट रूमसोबत पॅकेजमध्ये घ्यायचं का वेगळं? कागद घेऊन दोन रकाने करा. एकात पॅकेजची टॅक्ससकट शेवटची रक्कम, दुसऱ्यात नुसती रूम अधिक पार्कच्या वेबसाइटवरची तिकिटं. पार्कवाले आधी ऑनलाइन काढलेल्या तिकिटावर सूट देतात, वंडरलाच्या तर परीक्षेच्या हॉल तिकिटावर, वाढदिवसावर अशा ऑफर येत असतात, त्या पॅकेजमध्ये बसत नाहीत. आणि आईला राइड्समध्ये बसायचंच नाही, ती आधीच म्हणणार "मी कशाला त्या पाळण्यात बसू, मी खाली पिशव्या सांभाळते", तर चार तिकिटांच्या पॅकेजमध्ये तिचं पाचवं तिकीट भरायची गरज नाही. तिला हॉटेलातच आराम करू द्या, किंवा खोपोलीला असाल तर सकाळी गाडी करून अष्टविनायकातले दोन गणपती करून येऊ द्या, महडचा वरदविनायक अगदी जवळ आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्यानं पुढं. मॅपमध्ये महड टाकताना नीट टाका, महाड टाकलंत तर तिकडं कोकणात लांब जाऊन पोचाल.

बुक कुठून करायचं

हॉटेलची स्वतःची वेबसाइट, बुकिंगची ॲप्स, आणि आपल्या गावातला ट्रॅव्हल एजंट, तिन्हीकडं तीच तारीख, तीच रूम, तोच प्लॅन टाका आणि पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान बघा, टॅक्स आणि फी धरून. फरक पाचेकशे रुपयांचा असेल तर मी हॉटेलकडनंच थेट घेईन, कारण तारीख बदलायची वेळ आली, पोराला ताप आला, की थेट बुकिंगवाल्याचं हॉटेल ऐकतं, ॲपवाल्याला ते म्हणतात तुमच्या ॲपला विचारा आणि ॲप म्हणतं हॉटेलला विचारतो. एजंटकडनं घेणार असाल तर त्याच्या व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजवर भागवू नका, हॉटेलच्या नावाचं व्हाउचर आणि कन्फर्मेशन नंबर मागा.

दोन रेट दिसतील, स्वस्त तो नॉन-रिफंडेबल, महाग तो फ्री कॅन्सलेशन. पोरं लहान असतील तर महागवाला घ्या आणि शेवटची कॅन्सलेशन तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, वेळेसकट, कारण काही ठिकाणी ती दुपारी बाराला किंवा दोनला संपते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉटेलचा नंबर गूगलवर नुसतं कस्टमर केअर टाकून शोधू नका. रिसॉर्टच्या नावानं खोटे नंबर आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या वेबसाइट टाकून ठेवलेल्या असतात, पलीकडचा माणूस गोड बोलतो, तीस टक्के सूट देतो आणि म्हणतो आत्ताच या यूपीआयवर ॲडव्हान्स टाका. यूपीआयवर नाव एखाद्या माणसाचं येत असेल, हॉटेलचं किंवा कंपनीचं नाही, तर तिथंच थांबा. क्यूआर स्कॅन करून पैसे परत मिळतात असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. चुकून गेलेच तर वाट न बघता १९३० ला फोन, तो देशभर चालतो, जितक्या लवकर कराल तितके पैसे मधे अडकायची शक्यता जास्त. हॉटेलनं किंवा ॲपनं रिफंड अडवला तर ते वेगळं प्रकरण, त्याला ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पैसे भरले की दोन दिवसांनी हॉटेलला फोन करून कन्फर्मेशन नंबर सांगा आणि तुमचं नाव त्यांच्या सिस्टिममध्ये दिसतंय का विचारा. ॲपवरनं केलं असेल तर हे हमखास करा.

ओळखपत्रं आणि बॅग

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. आपली आधार कार्डं कन्नड आणि इंग्रजीत असतात, खोपोलीला ती बिनधास्त चालतात, इंग्रजी नाव वाचतात ते लोक. बघायचं ते इतकंच की बुकिंगवरचं नाव आणि आधारवरचं स्पेलिंग जुळतंय, आपल्याकडं एकाच घरात आडनावाची तीन स्पेलिंगं असतात. मुलांचीही आधार घ्या, वयाचा वाद झाला तर तेच कामाला येतं.

कपड्यांत पाण्यासाठी नायलॉनचे किंवा स्विमिंगचेच घ्या. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी, सलवार यांना पाण्यात सोडत नाहीत, आणि मग तिथल्या दुकानात पोहायचा ड्रेस विकत किंवा भाड्यानं घ्यावा लागतो. घरच्या पाच जणांचे टिळकवाडीत किंवा खडेबाजारात आधीच घेतले तर बरंच स्वस्त पडतं. प्रत्येकी दोन जोड घ्या, दुपारी खोलीवर आल्यावर ओले काढून बाथरूममध्ये टाकायचे आणि चारला कोरडे घालून परत जायचं, ओलं घालून परत जायला कुठलंच पोर तयार होत नाही. वाळत घालायला एक नायलॉनची दोरी, चार चिमटे.

खायचं बाहेरचं पार्कात सोडत नाहीत, गेटवर बॅग तपासतात. खोलीवर मात्र शेंगाचटणी, चपात्या, चिवडा, कुंद्याचा डबा राहू द्या, पोरं रात्री अकराला भूक लागली म्हणतात तेव्हा रूम सर्व्हिसच्या सँडविचचा भाव बघून हा डबा सोन्याचा वाटतो. खोलीत किटली असते, चहाची पावडर आपली न्या.

पोचल्यावर

चेक-इनला डिपॉझिट मागतात, कार्ड असेल तर तेवढी रक्कम ब्लॉक होते, कापली जात नाही, पण सुटायला काही दिवस लागतात, म्हणून महिनाअखेरीला लिमिट बघून जा. शक्यतो रोखीपेक्षा कार्ड किंवा यूपीआय, पावती राहते. खोलीत गेल्या गेल्या एसी, गीझर, फ्लश आणि दाराचं कुलूप बघा, काही बिघडलं असेल तर बॅगा उघडायच्या आत खाली फोन करा, तेव्हा रूम बदलून मिळते, रात्री दहाला नाही मिळत.

रिसेप्शनवरनं त्या दिवसाचा पार्कचा टाइम आणि शोचं वेळापत्रक मागून घ्या. पाण्याच्या राइड्स कोरड्या राइड्सपेक्षा उशिरा सुरू होतात आणि आधी बंद होतात, म्हणून गेट उघडलं की पहिले दोन तास सगळ्यात मोठ्या कोस्टरला द्या, त्यानंतर पाणी, मग खोली, आणि चार-साडेचारनंतर परत जाऊन छोट्या राइड्स आणि शो. गेटमधनं आत शिरल्यावर लगेच दिसणाऱ्या राइडला सगळे चिकटतात, तुम्ही सरळ मागच्या टोकाला जाऊन उलटे येत राहा.

चेक-आउट बहुतेक ठिकाणी अकरा-बाराला असतो. दुसऱ्या दिवशीही पार्कात जायचं असेल तर सकाळीच खोली रिकामी करून सामान डेस्कवर ठेवा, अकराला राइड सोडून धावत यायची वेळ येऊ देऊ नका. बिल आदल्या रात्रीच मागून बघा, सकाळी काउंटरवर गर्दी असते आणि न घेतलेलं मिनीबारचं कोल्ड्रिंक किंवा दोनदा लागलेला मुलाचा नाश्ता तेव्हा निस्तरायला वेळ नसतो. जीएसटीचं छापील बिल घ्या, डिपॉझिट सोडलंय असं तोंडी न ऐकता मेसेज आलेला बघा, आणि बाथरूमच्या दोरीवरचे पोहायचे कपडे काढलेत का ते एकदा बघून या.